सॉरी, पण...

शनिवारी रात्री अडीच वाजता 'आणखी एकच एपिसोड' म्हणत आपण नेमकं काय बघत असतो? खून, ड्रग्ज, काळा पैसा, आणि सज्जन माणूस औषधालाही नाही. थ्रिल तर आहेच, बॉस! पण या डार्क अमेरिकन सीरियल्सच्या पोटात एक फार जुना ख्रिस्ती प्रश्न दडलेला असतो. पाप तर झालं, आता सुटका कशी? (पुढे स्पॉयलर्स आहेत. नंतर ओरडायचं नाही!)

कॅथलिक चर्चचं उत्तर साधं आहे. मनापासून पश्चात्ताप करा, फादरसमोर पाप तोंडानं कबूल करा आणि प्रायश्चित्त घ्या. क्षमा देवाची, पण या तीन पायऱ्या आपण चढायच्या. गोव्यात याला कुमसार म्हणतात. गंमत म्हणजे टीव्हीवरची ही मंडळी नेमकी यातल्याच एखाद्या पायरीला दांडी मारायला बघतात.

'डेअरडेव्हिल' (२०१५) घ्या. दिवसा वकील, रात्री मुखवटा घालून गुंडांना बदडणारा मॅट मर्डॉक पहिल्याच एपिसोडमध्ये कन्फेशनला जातो. क्षमा कशाची मागतो? केलेल्या नव्हे, पुढे करणार असलेल्या पापाची. ॲडव्हान्स बुकिंगच!

'द सोप्रानोज'मधली कार्मेला त्याहून हुशार. नवरा माफियाचा बॉस, ही चर्चला जाणारी. २००१च्या सीझनमध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ तिला सरळ सांगतो, हा पैसा रक्ताचा आहे, मुलांना घेऊन घर सोड. स्वतःची फीसुद्धा घेत नाही! बाई हादरतात. मग एक फादर सोयीचा तोडगा काढतो : नवऱ्याची जेवढी कमाई चांगली, तेवढ्यावर जगा. कार्मेलानं घर सोडलं की नाही, ओळखा पाहू.

'ब्रेकिंग बॅड'चा वॉल्टर व्हाइट तर पाच सीझन 'फॅमिलीसाठी केलं' हेच पालुपद लावतो. २०१३च्या शेवटच्या एपिसोडमध्ये एकदाचं बायकोपुढे मान्य करतो, की स्वतःसाठी केलं, आवडत होतं म्हणून केलं. कबुली शंभर टक्के खरी. पण पश्चात्ताप? त्याचा मागमूस नाही.

आणि मग येतो 'बेटर कॉल सॉल'चा शेवट, २०२२. जन्मभर लोकांना गंडवणारा वकील सॉल गुडमन पकडला जातो आणि जन्मठेपेच्या केसमधून घासाघीस करून शिक्षा फक्त ७ वर्षांवर आणतो. डील पक्कं! पण कोर्टात, किमच्या, म्हणजे घटस्फोटित बायकोच्या समोर तो उभा राहतो आणि सगळं ओकतो. मोठ्या भावाचंही. भावाच्या मानसिक आजाराची खबर त्यानंच मुद्दाम विमा कंपनीपर्यंत पोचवली होती, त्यात भावाचं करिअर गेलं, पुढे त्यानं जीव दिला. हा तर गुन्हाच नव्हता, असं वकील त्याला नंतर सांगतो. तो म्हणतो, होता.

कायद्याच्या पुस्तकात नव्हता, बरोबर. पण पाप होतंच. शिक्षा होते ८६ वर्षांची. बदल्यात त्याला काय मिळतं? स्वतःचं खरं नाव, जिमी मॅकगिल. आणि तुरुंगात भेटायला आलेल्या किमबरोबर ओढलेली एक सिगारेट. आसपास फादर नाही, क्रूस नाही, तरी पश्चात्ताप, कबुली, प्रायश्चित्त, तिन्ही हजर. तेही सवलत न मागता. म्हणून तो शेवट इतका आत घुसतो.

आपण काही ड्रग्ज विकत नाही. आपली पापं ऑफिस साइजची. कलीगच्या कामाचं क्रेडिट खाल्लं, ज्युनिअरला मीटिंगमध्ये तोंडघशी पाडलं. कंपनीच्या कुठल्याही पॉलिसीत न बसणारी. आणि मग आपण म्हणतो, 'सॉरी, पण डेडलाइन होती ना!'

त्या 'पण'पाशीच आपलं डील सुरू होतं. सोमवारी एकदा नुसतं 'सॉरी' म्हणून बघा. आणि तिथेच थांबा.