दिवाळीत पाहावे असे बोलपट

दिवाळीला पिंपळगाव राजाला आमचे घर भरले, की प्रश्न निघतो, "चित्रपट कोणता पाहायचा?" प्रत्येकाची आवड निराळी, शेवटी जो तो आपला मोबाइल घेऊन कोपरा धरतो! म्हणून वाचकहो, घरातल्या सर्वांनी मिळून पाहावे असे चार बोलपट सुचवतो.

रहस्य हवे असेल, तर परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३). खुनाचा बेत आखणाऱ्यांची फजिती पाहताना हसूही येते नि काटाही. 'बाईपण भारी देवा' (२०२३) मध्ये सहा बहिणी मंगळागौरीच्या निमित्ताने एकत्र येतात आणि जुने रुसवे बाहेर पडतात. पुरुषांनीही बसावे, पुष्कळ कळेल. मुलांना सुजय डहाकेंचा कृष्णधवल 'श्यामची आई' (२०२३) दाखवा. अत्र्यांचा १९५३ चा बोलपट पाहिलेले आजोबा शेजारी असले, तर तुलना रंगेल.

पण आदिनाथ कोठारेंचा 'पाणी' (२०२४) मुळीच चुकवू नका. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ही खरी कहाणी. गावात पाणी नाही, म्हणून त्यांना मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आम्हा बुलढाणेकरांना हे दुःख परके नाही. हा बोलपट संपल्यावर मुलांना आपल्या विहिरीची हकीकत जरूर सांगा.