परीक्षिताचे सात दिवस

एकाच राजाची एकच गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात एका तऱ्हेने आणि भागवतात दुसऱ्या तऱ्हेने येते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परीक्षिताला शृंगीचा शाप होतो: सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मृत्यू. आदिपर्वातला परीक्षित मंत्र्यांशी मसलत करून एकाच खांबावर उभा असलेला प्रासाद बांधवतो, भोवती वैद्य, औषधी आणि मांत्रिक ठेवतो आणि तिथूनच राज्यकारभार पाहत राहतो. भागवतातला परीक्षित मात्र राज्य जनमेजयाकडे सोपवून गंगेच्या तीरावर प्रायोपवेशनाला बसतो आणि मरू घातलेल्या माणसाने काय करावे, असे शुकमुनींना विचारतो. राजा तोच, शाप तोच, मुदतही तीच. बदलतो तो मुदतीचा उपयोग.

भागवतातला परीक्षित शहाणा आणि महाभारतातला भित्रा, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. तो निकाल मला पुरेसा वाटत नाही. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे मराठी शिकवले. हा भाग आला की मी विद्यार्थ्यांना विचारत असे, 'तुम्हाला सातच दिवस उरले आहेत असे कळले, तर काय कराल?' उत्तरे ठरलेली असत. आईवडिलांना भेटू, भांडण झालेल्या मित्राची क्षमा मागू, कुणाचे देणे असेल तर देऊन टाकू. सगळी उत्तरे चांगली होती आणि नेमकी तीच अडचण होती. मृत्यू जवळ आला की माणूस आपोआप चांगला होतो, असे या सर्वांनी (आणि प्रश्न विचारणाऱ्या मीही) न तपासता गृहीत धरले होते.

महाभारतालाच हे गृहीतक मान्य नाही. मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाला आपण आता वाचत नाही हे पुरते कळलेले आहे. राज्य गेले, भाऊ गेले, मिळवण्यासारखे काही उरलेले नाही. उरलेल्या घटकांत तो करतो काय? अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवतो. त्या रात्री पांडवांच्या शिबिरात झोपलेल्या पांचालांची आणि द्रौपदीच्या पुत्रांची कत्तल होते. ती वार्ता ऐकून दुर्योधन समाधानाने प्राण सोडतो. परिणाम भोगायला आपण उरणार नाही, हे ज्ञान माणसाला जसे मुक्त करते तसेच ते बेबंदही करू शकते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही त्याला संतही होता येते आणि सूडही उगवता येतो.

मग मृत्यूची चाहूल करते तरी काय? माझे मत असे की ती माणसाला नवे मूल्य देत नाही. पुढे ढकललेले निर्णय ती आज मागते, आणि उत्तर मात्र माणूस जन्मभर जे साठवत आला त्यातूनच द्यावे लागते. हे दाखवायला पुराणाची गरज नाही. आपल्याच मुलखात, एकोणीस महिन्यांच्या अंतराने झालेले दोन मृत्यू पुरेसे आहेत.

पहिला मृत्यू औरंगजेबाचा, मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ. वय अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या दिवसांत त्याने आपल्या मुलांना लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत एकाकीपणाची, पापाच्या ओझ्याची आणि आयुष्य वाया गेल्याची तीव्र जाणीव आहे. ती वाचून कोणाचेही मन हलावे. परंतु पश्चात्तापाच्या या भाषेला कृतीचे पान जोडलेले नाही. दख्खनची मोहीम त्याने आवरली नाही आणि वारसाचा प्रश्न त्याच्या हयातीत सुटला नाही. त्याच्यामागे जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत आझम मारला गेला आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्ष. भावाभावांतल्या याच झगड्यासाठी बहादूरशाह सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला होता.

दुसरा मृत्यू त्या सैन्याबरोबर दक्षिणेत आलेल्या गुरू गोविंदसिंगांचा, नांदेडला, ७ ऑक्टोबर १७०८ रोजी. वय अवघे एकेचाळीस. परंपरा सांगते ती हकिकत अशी: पठाण मारेकऱ्याने वार केला, जखम शिवली गेली, ती भरत आली असे वाटत असतानाच कडक धनुष्य ओढताना पुन्हा उसवली. म्हणजे मधले काही दिवस त्यांना मिळाले. त्या दिवसांत त्यांनी घेतलेला निर्णय शीख पंथाच्या इतिहासात सर्वांत दूरगामी ठरला. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. या घोषणेच्या समकालीन पुराव्यांविषयी काही अभ्यासकांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. पण पुढची तीन शतके पंथ त्याच निर्णयावर उभा राहिला, यात वाद नाही.

चारही पुत्र आधीच मारले गेले होते, मग गादी द्यायला होतेच कोण, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. चौथ्या गुरूंपासून दहाव्यांपर्यंत गुरुपद एकाच सोढी कुळात राहिले होते आणि त्या कुळाच्या इतर शाखांत गुरुपदावर हक्क सांगणारे लोक होते. याच नांदेडात भेटलेला बैरागी माधोदास बंदासिंग होऊन त्याच सुमारास पंजाबकडे निघाला होता. त्याला लढ्याचे नेतृत्व मिळाले, गुरुपद मिळाले नाही. गादी रिकामी नव्हती. ती व्यक्तीच्या हातात द्यायचीच नाही, असे ठरवले गेले.

या निर्णयाची मुळे मात्र नांदेडच्या जखमेत शोधू नयेत. १६९९ मध्ये आनंदपूरला खालसाची स्थापना करताना पाच शिष्यांना दीक्षा दिल्यावर याच गुरूने त्यांच्यासमोर हात जोडून स्वतः दीक्षा घेतली होती. ज्याने नऊ वर्षांपूर्वी आपले श्रेष्ठत्व शिष्यांच्या ओंजळीत ठेवले, त्याला मरताना ते ग्रंथात ठेवणे जमले. मृत्यूने त्यांना वेगळा माणूस बनवले नाही. सुरू केलेले वाक्य पुरे करण्याची निकड तेवढी दिली. आणि हेही ध्यानात घ्यावे की ही निकड मवाळ नव्हती. बंदासिंग निघाला होता तो लढायलाच.

मराठी वाचकाने आणखी एका गोष्टीपाशी थांबावे. नांदेडला गुरुपद मिळालेल्या त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नांदेडला लागूनच असलेल्या आजच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. शिंपी जातीत जन्मलेल्या माणसाचे शब्द गुरुपदाचा भाग झाले, तेही त्याच्याच मुलखात. कुळाकडून शब्दाकडे गेलेल्या वारशाचा अर्थ यातून अधिक कळतो.

आता दुसऱ्या टोकाकडे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत, किल्लारी-सास्तूर परिसरात, आठ ते दहा हजार माणसे झोपेत गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे जड माळवद, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले, त्यांनीच माणसे गाडली. इथे सात दिवस कुणाला मिळाले नाहीत, सात क्षणही नाहीत.

परंतु हे पूर्ण खरे नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीला वारंवार धक्के बसले होते. चाहूल होती. 'प्रत्येक दिवस अखेरचा समजून जगा' असा उपदेश करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. चाहूल लागलेल्या शेतकऱ्याने काय करायचे होते? वडिलार्जित घर पाठीवर घेऊन जाता येत नाही आणि नवे बांधायला पैसा लागतो. मृत्यूचे ज्ञान निवडीत उतरण्यासाठी थोडा वेळ हवा, थोडी साधने हवीत आणि आपल्या हातून देता येईल असे काहीतरी हवे. हे नसेल तर ते ज्ञान नुसती भीती होऊन राहते. किल्लारीत निवड करण्याची पाळी आली ती मागे उरलेल्यांवर. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. आपले मूल अनोळखी शहरात पाठवायचे की ढिगाऱ्यापाशी ठेवायचे, हे त्या मुलांच्या उरलेल्या नातलगांना शोकाच्या दिवसांतच ठरवावे लागले.

हे सर्व लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. माझ्या नात्यातले एक गृहस्थ (त्यांना तात्या म्हणू) औसा तालुक्यातले शेतकरी. पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना लातूरला दाखवले. कर्करोग निघाला, तोही शेवटच्या टप्प्याचा. डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावून सांगितले, मुलाने आम्हाला सांगितले, आणि सगळ्यांनी मिळून तात्यांना सांगितले की अल्सर आहे, पथ्य पाळा. चार महिने आम्ही हे नाटक निष्ठेने वठवले. तात्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीकडून वडिलार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र करून घेतले होते. बदल्यात लुगडे-चोळी दिली होती. त्यानंतर तिचे माहेरी येणे हळूहळू थांबले. शेवटच्या महिन्यात ते दोनतीनदा म्हणाले, 'धाकटीला बोलवा की एकदा.' आम्ही टाळले. ती आली की रडणार, रडली की तात्यांना संशय येणार. ती आली तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती.

तात्यांना तिची क्षमा मागायची होती, दोन एकर परत करायची होती, की नुसते डोळे भरून पाहायचे होते, हे मला माहीत नाही. कदाचित यातले काहीच त्यांनी केले नसते. मृत्यू समोर दिसत असूनही जमीन न सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. पण तो निर्णय, चांगला किंवा वाईट, त्यांचा होता. आम्ही तो घेण्याची संधीच काढून घेतली, आणि त्या काढून घेण्याला माया म्हटले.

तोल्स्तोयच्या १८८६ सालच्या 'इवान इलिचचा मृत्यू' या कथेत मरणाऱ्याला वेदनेइतकेच हे खोटे छळते. गेरासिम नावाचा एकच नोकर खोटे बोलत नाही, म्हणून एकट्या त्याचा सहवास सुसह्य होतो. कुरोसावाच्या १९५२ सालच्या 'इकिरू'मध्येही डॉक्टर कर्करोगाला अल्सरच म्हणतात, पण वातानाबेला खरे कळते, आणि कळल्यामुळेच तो मुलांसाठी एक बाग उभी करून मरतो. त्याच्या मृत्यूनंतर जमलेले सहकारी त्याच्यासारखे वागण्याच्या शपथा घेतात आणि पुन्हा कचेरीत बसले की पूर्वीसारखेच वागतात. दुसऱ्याचा मृत्यू पाहून माणूस बदलत नाही. त्यासाठी नोटीस स्वतःच्याच नावाने यावी लागते. तात्यांच्या नावाची ती नोटीस आम्ही चार महिने दडवून ठेवली.

'सत्य ऐकून माणूस खचेल' या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. काहींना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि न जाणण्याचा अधिकारही मानला पाहिजे. पण तो अधिकार रोग्याचा आहे, मुलाचा किंवा जावयाचा नाही. 'तुम्हाला किती सांगू?' एवढा प्रश्न विचारण्याने कोणी मरत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. या निर्णयांचा पाया असा की माणसाला आपल्या मरणाविषयी ठरवता येते. ज्या घरात रोग्याला रोगाचे नावच कळू दिले जात नाही, तिथे हा हक्क कागदावरच राहणार.

वर्गातला माझा प्रश्न चुकीचा होता, हे मला तात्यांच्या दहाव्याला नदीकाठी बसलेलो असताना कळले. 'सात दिवस उरले तर तुम्ही काय कराल?' याचे उत्तर कल्पनेत सगळ्यांचेच सुंदर असते. विचारायला हवे होते ते असे: 'तुमच्या घरातल्या माणसाला सातच दिवस उरले आहेत हे तुम्हाला कळले, तर ते दिवस तुम्ही त्याला देणार की नाही?' शृंगीच्या शापाची वार्ता परीक्षिताला शमीक ऋषींनी शिष्याकरवी मुद्दाम कळवली होती. त्या सात दिवसांत राजाने प्रासाद बांधायचा की गंगेकाठी जाऊन बसायचे, हे शमीकांनी ठरवले नाही. ते त्यांचे कामच नव्हते.