ट्रॉलीच्या टायरची हवा कोण बघणार?

गळीत हंगामात आपल्या पैठण-गंगापूर भागात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची हवा उतरली तर स्टिअरिंग सांगतं. मागच्या ट्रॉलीचं ड्रायव्हरला काहीच कळत नाही. कमी हवेचा टायर दबतो, तापतो अन् भर रस्त्यात फुटतो. मग ऊस वाळून वजन घटतं, आणि अंधारात उभी ट्रॉली एखाद्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर उठते.

लाथ मारून हवा कळत नाही, राव! आता व्हॉल्व्हवर टोपीसारखा बसणारा सेन्सर मिळतो. हवा उतरली की ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर इशारा येतो. माझ्या मते कारखान्यांनी वाहतुकीच्या करारातच त्याची अट घालावी. तोवर निदान हवेचं मीटर जवळ ठेवा, निघण्याआधी टायर थंड असताना मोजा. वाटेत तापलेल्या टायरची वाढलेली हवा मात्र सोडू नका.