व्हीपीएस घ्या, पण किल्ली कोणाकडे?



मंडळाची साइट शेअर्ड होस्टिंगवरून व्हीपीएसवर न्यावी, असं बऱ्याच जणांचं म्हणणं दिसतंय. माझं मत: जरूर न्या, पण आधी सांभाळणारे दोघं ठरवा.

शेअर्ड म्हणजे चाळ. नळ सामाईक, शेजारी पाहुणे आले की आपलं पाणी बारीक. व्हीपीएस म्हणजे फ्लॅट. मशीन एकच, पण सॉफ्टवेअरने भाग पाडलेले. मेमरी आपल्या नावावर, रूटची किल्ली आपल्याकडे. म्हणजे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं आपल्याच गळ्यात!

इमारत मजबूत असते हो. सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात अख्ख्या होक्काइदोची वीज गेली, तेव्हा साकुरा इंटरनेटच्या इशिकारी डेटा सेंटरने सुमारे ६० तास जनरेटरवर काढले. पण जून २०१२ मध्ये ओसाकाच्या फर्स्टसर्व्हर कंपनीत देखभालीच्या सदोष प्रोग्रामने ५,६९८ ग्राहकांचा डेटा पुसला, तोही बॅकअपसकट, कारण तो प्रोग्राम बॅकअपवरही चालवला गेला. तेव्हा एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवीच.

आणि त्या दोघांपैकी एक तरी जपानमध्ये मुक्काम ठोकलेला असावा. प्रोजेक्ट संपला की आपली माणसं पुण्याला परततात, पासवर्डही सोबत जातो (आणि क्रेडिट कार्डही). असे दोघं मिळेपर्यंत चाळच बरी, असं मला वाटतं. कोण तयार आहे?