उद्गारचिन्हांची गर्दी

शाळेच्या व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांच्या वाट्याला एक तक्ता येतो. ‘अहाहा’ हर्षदर्शक, ‘अरेरे’ शोकदर्शक, ‘अबब’ आश्चर्यदर्शक. मुले तो पाठ करतात आणि गुण मिळवतात. बोलताना मात्र तोच ‘अरे वा’ कधी शाबासकी असतो, कधी टोमणा. ‘बाप रे’मध्ये भीती असते, तसेच कौतुकही. वाक्याशी या अव्ययांचा व्याकरणिक संबंध नसतो. त्यांचा अर्थ स्वरात आणि प्रसंगात असतो. पोट दाबून तपासणारा डॉक्टर रुग्णाच्या वर्णनाइतकेच ‘आई गं’ नेमके कुठे निघते याकडे लक्ष देतो, ते उगाच नव्हे.

लिहिताना हा स्वर हरवतो. ती उणीव थोडीफार भरून काढते उद्गारचिन्ह. जुन्या पोथ्यांत ते नव्हते. एकोणिसाव्या शतकात, छपाईच्या काळात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुळली. पण भावना तीव्र आहे, एवढेच हे चिन्ह सांगते. ती कोणती, हे शब्दानेच सांगायचे असते. आज आपण ते काम शब्दाकडून काढून घेत आहोत, आणि मला धोका दिसतो तो इथेच.

वृत्तवाहिन्यांवर ‘धक्कादायक!’ हा एकच शिक्का नटीच्या लग्नावर, भाववाढीवर आणि लहान मुलाच्या मृत्यूवरही बसतो. व्हॉट्सॲपवर निधनाच्या बातमीखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली!!!’ येते, तासाभराने वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही तीच तीन चिन्हे. लिहिणाऱ्याला दुःख झालेले नसते असे नाही. त्याच्या हाताशी दुःखासाठी वेगळे काही उरलेले नसते.

याची खरी किंमत इशाऱ्याच्या वेळी मोजावी लागेल. पावसाळ्यात धरणाचा विसर्ग वाढतो आणि नदीकाठच्या गावांना संदेश जातो. त्याच फोनवर दिवसभर ‘सावधान!’ म्हणत बनावट औषधांच्या, ग्रहणाच्या, कुठल्याशा फळातल्या विषाच्या कहाण्या येऊन गेलेल्या असतात. वाचणाऱ्याचा अंगठा सवयीने पुढे सरकतो. म्हणून अशा संदेशात किती क्युसेक पाणी सोडले, कोणता पूल बंद होणार, गुरे किती वाजेपर्यंत हलवायची, हे पहिल्याच ओळीत हवे. आणि ती ओळ अशी हवी की पोलीस पाटलाने देवळाच्या भोंग्यावरून नुसती वाचून दाखवली, तरी गाव उठेल.