करून पाहू या : तडकलेलं मडगार्ड



पावसाळ्यात हिंगोलीच्या कुठल्याही शिवारात मोटारसायकल घेऊन गेलात की काळ्या मातीशी गाठ पडतेच. ही माती पाण्याने फुगते, चिकट होते आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी दाटून बसते की चाकच फिरेना! मग काठीने चिखल उकरायचा. जोर जास्त झाला की मडगार्ड तडकलंच.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या हातून असंच झालं. बाबांच्या गाडीला बोटभर चीर पडली. पोरगं घाबरलं. घरी कुणी नाही असं पाहून त्याने चिरेत झटपट चिकटणारं गम भरलं, वरून काळा रंग फासला. काम फत्ते! पण आठ दिवसांत रंगाचे पापुद्रे निघाले आणि बोटभर चीर वीतभर झाली.

"गुरुजी, असं का झालं?" त्याने मला हळूच विचारलं.

प्रश्न चांगला होता. जुन्या विलीज जीपची मडगार्डं पत्र्याची असत. पत्रा वाकला की ठोकून सरळ करायचा. आता नाशिकला बनणाऱ्या थार जीपच्या चाकांवरही प्लास्टिकची काळी कड असते. प्लास्टिक हलकं, गंजत नाही, पण तडकतं. आणि सगळं प्लास्टिक एक नसतं, बरं का!

मडगार्ड उलटं करून आतल्या बाजूला पाहा. बहुधा 'पीपी' किंवा 'एबीएस' अशी इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीच्या ज्युलिओ नट्टा यांनी 1954 मध्ये त्याचं कणखर रूप तयार केलं. 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झिगलर यांच्यासोबत मिळालं. हे पीपी मेणचट असतं. त्यावर गम धरत नाही आणि साधा रंगही टिकत नाही. आपल्या मित्राचं मडगार्ड नेमकं पीपीचं होतं!

आता चीर का वाढली? एक प्रयोग करा. दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या दोन पट्ट्या कापा. दोन्हींना कडेला कात्रीने छोटी चीर द्या. एकीच्या चिरेच्या टोकाला कागदाला भोकं पाडायच्या पंचने गोल भोक पाडा. आता दोन्ही ओढा. नुसती चीर असलेली पट्टी पटकन फाटते. कारण सगळा ताण त्या टोकदार जागी गोळा होतो. गोल भोकाभोवती तोच ताण वाटला जातो.

म्हणून जाणता कारागीर आधी चिरेचं टोक शोधतो आणि तिथे बारीक गोल भोक पाडतो. त्याचं पुढचं काम असं चालतं :

1. मडगार्ड गाडीवरून सोडवून साबणाने धुणे व वाळवणे. गाडीत पेट्रोल असतं, म्हणून गरम काम गाडीपासून लांबच.
2. आतल्या बाजूने चिरेवर खाच पाडणे. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी गरम इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, वितळवून खाचेत भरणे. पीपीला पीपी, एबीएसला एबीएस! मजबुतीसाठी आत तारेची बारीक जाळी दाबतात.
3. थंड झाल्यावर आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासणे.
4. धूळ पुसून प्लास्टिकवर लावायच्या खास प्रायमरचा हात देणे.
5. रंगाचे पातळ हात देणे. एक थोडा सुकला की दुसरा. एकदम जाड मारला तर ओघळ येतात.

वितळत्या प्लास्टिकचा आणि रंगाचा धूर वाईट. हे काम मोठ्या माणसांनी, उघड्या हवेत, तोंडाला मास्क बांधून करायचं. तुम्ही लांबून पाहायचं आणि प्रश्न विचारायचे.

आमच्या मित्राने शेवटी बाबांना सगळं खरं सांगितलं. बाबा रागावले का? थोडे रागावले. मग म्हणाले, "अरे, त्याच दिवशी सांगितलं असतंस तर बोटभरच चीर सांधावी लागली असती." दोघं मिळून कारागिराकडे गेले. आता मडगार्डच्या आतल्या बाजूला सांध्याची जाड रेघ दिसते. वरून रंग एकसारखा आहे, आणि पोराला कसली भीतीही नाही.

या आठवड्याचा उद्योग : पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिचं झाकण साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. काय तरंगतं, काय बुडतं? पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, एवढं लक्षात ठेवा आणि कारण वहीत लिहा.

तुमचे,
गुरुजी