मुहूर्तापर्यंतची सनई

वाशी, येरमाळा, कळंब या पट्ट्यातल्या लग्नात आता दोन आवाज हमखास असतात. वरातीला डीजे आणि अक्षता पडण्याआधी मंगल कार्यालयात लावलेली रेकॉर्डवरची सनई, बहुधा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची. लग्नाला सनई अजून लागतेच. सनईवाला मात्र लागेनासा झाला.

सनईची जोडी असते. एक जण धून वाजवतो, दुसरा नुसता सूर धरून बसतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाहून यायला उशीर झाला, मुहूर्त पुढे सरकला, की तीच धून फुलवत न्यावी लागे. कधी ओठाच्या दाबाने मींड काढायची, कधी मुखडा फिरवून पुन्हा समेवर यायचे. जुन्या धुनांचे विस्तार अशा ताटकळण्यातून वाढले. रेकॉर्डला ताटकळणे ठाऊक नाही. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

असा न तुटणारा सूर स्कॉटलंडच्या बॅगपाइपमध्येही असतो, पण तो धरणारा वेगळा माणूस नसतो. कातडी पिशवीतली हवा आणि खांद्यावरच्या नळ्या ते काम करतात. तिथे स्वर मध्येच तोडता येत नाही, लहानमोठाही करता येत नाही. म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये निमिषभराचा दुसरा स्वर घालतात, आणि सगळी कलाकुसर बोटांवर येते. पीब्रोख हा त्यांचा जुना प्रकार: आधी संथ मूळ धून, मग चढत्या गुंतागुंतीचे विस्तार, शेवटी पुन्हा मूळ धून. गुरू ती शिष्याला बोल गाऊन शिकवत.

१७४६ साली कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या बंडखोर टोळ्यांचा पराभव झाला, टोळीप्रमुखांची सत्ता गेली आणि पाइपवाल्यांचा आश्रयही आटला. मग १७८१ पासून स्पर्धा भरू लागल्या. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या पीब्रोख सोसायटीने धुना छापल्या. कला टिकली, यात शंका नाही. पण परीक्षकासमोर छापील पुस्तक आले आणि वेगळे वाजवणाऱ्याला भीती वाटू लागली. त्यांच्याकडे छपाईने विस्तार गोठवला, आपल्याकडे रेकॉर्डने. आपले नुकसान मला मोठे वाटते, कारण तिथे निदान वाजवणारा माणूस उरला.

आश्रय आपलाही तुटला. सनईपेक्षा छोटी, गोड आवाजाची सुंदरी अक्कलकोटच्या दरबारात नावारूपाला आली. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षी सप्टेंबरात आपला भाग निजामाच्या राजवटीतून सुटला. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी मैफलीत नेली, आकाशवाणीवर नेली, म्हणून ती राहिली. गावोगावच्या सनई-हलगीवाल्यांना मैफल कोण देणार? बलुत्याचा वाटा गेला आणि जातीचा डाग मात्र त्यांच्या वाद्याला चिकटून राहिला. पोरांनी सनई खाली ठेवली, त्यात त्यांचे काय चुकले?

तरी यात्रा उरल्या आहेत. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीसाठी लाखो माणसे येतात, तुळजापूर तर जवळच आहे. देवस्थानांनी सनईच्या जोड्यांना सत्काराची शाल न देता तासांच्या हिशेबाने, चोख मानधन देऊन बसवावे. अट एकच ठेवावी: पालखी येईपर्यंत वाजवायचे, मग तिला कितीही उशीर होवो.